हद्दाद म्हणजे आपले लोहारच

माझं आडनाव लोहार. शारजाच्या फॅब्रिकेशन यार्डात कामाला लागलो तेव्हा आमच्या सिरियन इंजिनियरसाहेबांनी (सगळे त्यांना ‘मुहंदिस’म्हणतात) त्याचा अर्थ विचारला. सांगितल्यावर स्वारी एकदम खूश. त्यांचं आडनाव हद्दाद. तेव्हापासून मी त्यांचा ‘इब्न अम्मी’, म्हणजे चुलतभाऊ.

अरबीत ‘हदीद’ म्हणजे लोखंड आणि ते घडवणारा तो हद्दाद. इथल्या इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंगच्या गाळ्यांवर ‘हिदादा’ लिहिलेलं दिसतं, तो हाच धंदा. बगदादमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारद झाहा हदीद यांचं आडनाव तर सरळ लोखंडच. आपली ‘हद्द’सुद्धा याच शब्दमुळातली, मुळात धार, कड, सीमा असे अर्थ. धंदेवाल्याचं नाव पाडायचा अरबी साचा ठरलेला: मधलं अक्षर दुहेरी करायचं आणि पुढे ‘आ’ लावायचा. हम्माल, दल्लाल, सर्राफ, अत्तार. आपण ते जोड सैल करून हमाल, दलाल, सराफ, आतार केले आणि त्यातली तीन तर आडनावं म्हणून घरात घेतली.

एक घोळ मात्र टाळायला हवा. प्राचीन सिरियात हदद नावाचा वादळाचा देव होता. दमास्कसची उमय्या मशीद आज आहे त्या जागी त्याचं देऊळ होतं. पण त्या ‘ह’चं अक्षर वेगळं, हद्दादमधला ‘ह’ घशात घासून येतो. देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हद्दाद मंडळी देवाचे वंशज असल्याच्या गप्पा इंटरनेटवर रंगतात. मुहंदिस त्यावर हसतात.

लोहार गावोगाव लागतोच, त्यामुळे हे आडनाव कुणा एका घराण्याचं नाही, एका धर्माचंही नाही. लेबनॉन-सिरियात ते ख्रिस्ती घरांत भरपूर, मुसलमानांतही आहे आणि उत्तर आफ्रिकेतल्या ज्यूंमध्येही. येमेनच्या तरीम गावचे सूफी इमाम अब्दुल्ला अल-हद्दाद (1634–1720) यांचा ‘रातीब’ (प्रार्थनापाठ) केरळमध्ये आजही म्हटला जातो. अल्जीरियात 1871 साली फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, त्यात कबिली या डोंगराळ भागातले वयोवृद्ध शेख अल-हद्दाद पुढे होते. माझा सगळ्यात आवडता हद्दाद मात्र ट्युनिसचा ताहर. 1930 मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं म्हणून झैतुना मशिदीतल्या उलेमांनी त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. 1935 मध्ये तो ऐन पस्तिशीत गेला. पुढे 1956 च्या ट्युनिशियाच्या कौटुंबिक कायद्यात त्याचेच विचार उतरले.

समुद्रापलीकडेही हे नाव गेलं. ऑटोमन कागदपत्रं घेऊन ब्राझीलला उतरलेल्या अरबांना तिथले लोक सरसकट ‘तुर्क’ म्हणत. फर्नांदो हद्दाद यांचे वडील त्या मानाने उशिरा, 1947 मध्ये लेबनॉनहून गेले. मुलगा साओ पावलोचा महापौर झाला, 2018 ची अध्यक्षपदाची निवडणूक हरला आणि 2023 मध्ये देशाचा अर्थमंत्री झाला.

‘हद्दाद’ ऐकून सिरियात कुणी जात विचारत नाही, असं मुहंदिस अभिमानाने सांगतात. आपल्याकडे ‘लोहार’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. बारा बलुतेदारांतलं आमचं स्थान लोकांना अजून पाठ आहे. पण मला त्यांचं म्हणणं पुरतं पटत नाही. अरबस्तानातल्या भटक्या बदाऊ टोळ्यांमध्येही लोखंडकाम करणाऱ्या ‘सानी’ लोकांशी सोयरीक करत नसत. हे बोललो तर मुहंदिस म्हणाले, “ते वाळवंटातलं. आम्ही होम्स शहरातले.” आमच्या कऱ्हाडकडची माणसंही शेजारच्या तालुक्याबद्दल अगदी असंच बोलतात.