अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ज्यांच्या घरी येते, त्यांना तिच्या तळाशी छापलेले एक वाक्य पाठ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. निफाड तालुक्यात आमची जमीन ज्या उपसा सिंचन संस्थेच्या पाण्यावर आहे, तिची सूचना गेल्या आठवड्यात नाशिकच्या पत्त्यावर आली आणि मी सवयीने आधी ते वाक्य वाचले. सभासद येणार नाहीत हे गृहीत धरूनच सभा बोलावली जाते, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

या वाक्याशी माझी ओळख मामांच्या घरी झाली. मामा राहुरी तालुक्यातले, आणि त्यांच्या भागात वीज मंडळाची नसून मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्थेची होती. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर देशात ज्या मोजक्या ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. कार्यालय श्रीरामपूरला. मामांच्या लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत संस्थेचा भाग दाखला घडी करून ठेवलेला असे. दिवे गेले की मामी म्हणायची, "तुमच्याच संस्थेचे गेले, कुणाला बोलता?" यावर मामांकडे उत्तर नसे. नाशिकला आमच्याकडे दिवे गेले की वडील मंडळाला मनसोक्त बोलत. ती सोय मामांना नव्हती.

वीज सहकारी संस्थेत ग्राहक हाच मालक असतो आणि कायद्याने त्याच्याकडे कितीही भाग असले तरी मत एकच असते. ही मालकी बजावायची म्हणजे काय करायचे, हे मात्र संस्थेचा व्यवहार समजल्याशिवाय कळत नाही. संस्था घाऊक दराने वीज विकत घेते आणि किरकोळ दराने सभासदांना देते. समजा शंभर युनिट घेतले आणि सत्तर युनिटांचीच बिले निघाली, तर उरलेल्या तीस युनिटांपैकी काही तारांत आणि रोहित्रांत खर्ची पडतात, काही आकडे टाकून जातात. यातली खरी गोम शेतीपंपांत आहे. पंपाला मीटर नसेल तर आकारणी अश्वशक्तीवर होते, आणि पंप वर्षात किती तास चालला हे अंदाजाने ठरते; हा अंदाज थोडा वाढवला की तेवढी गळती कागदावरून नाहीशी होते आणि शेतीच्या वापरात जमा होते. अहवालात हे सगळे एका कोष्टकात असते. किती युनिट घेतले, किती युनिटांचे पैसे प्रत्यक्ष हाती आले आणि शेतीचा वापर कोणत्या आधारावर धरला, एवढे तीन प्रश्न विचारायला सभासदाला अभियंता असावे लागत नाही, पण सभेला हजर असावे लागते.

निवडणुकीत हे प्रश्न येत नाहीत. थकबाकीदाराला संचालक होता येत नाही, ही कायद्याची तरतूद योग्यच आहे. पण ज्यांच्याकडून वसुली करायची त्यांच्याच दारात मत मागायला जावे लागते, आणि निवडणुकीच्या वर्षात जोडणी तोडायला वायरमन पाठवण्याची छाती फारच थोड्या संचालकांची असते. त्यामुळे पॅनेलच्या पत्रकावर वसुलीचा शब्दही सापडत नाही. मतदानाला सभासद येतात, कारण त्यांना आणायला गाडी येते. सभेला यायचे तर आपल्या पायांनी यावे लागते.

मुळा-प्रवरेचा परवाना जानेवारी 2011 मध्ये संपला आणि तिथली वीज महावितरणकडे गेली. पुरवठ्याची देणी, दर आणि मालमत्ता यांवरचे वाद मोठे होते, पण ते या लेखाच्या आवाक्यात बसणारे नाहीत. शेजारी राज्यांत अशा संस्था अजून चालू आहेत. तेलंगणात यंत्रमागांच्या सिरसिल्ल्यातील संस्थेची निवडणूक डिसेंबर 2022 मध्ये, तर बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीच्या संस्थेची सप्टेंबर 2025 मध्ये झाली, आणि दोन्हीकडे ती विधानसभेच्या ईर्ष्येने लढवली गेली. एवढी चुरस म्हणजे सभासद जागा आहे, असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुलाल धुतला गेला की तोच सभासद पुन्हा नुसता ग्राहक होतो.

अमेरिकेतही, जिथे 1935 नंतर सरकारी कर्जाच्या आधाराने गावोगावी अशा संस्था निघाल्या, वार्षिक सभेला माणसे जमवण्यासाठी जेवण, सोडत आणि बिलात सूट असे उपाय आजही केले जातात. आपल्याकडे स्टीलचा डबा मिळतो. डब्याला माझा विरोध नाही, तो निदान सभासदाला दारापर्यंत तरी आणतो. तक्रार एवढीच की डबा मिळाल्यावर दारातूनच परत जाता येते.

गेल्या वर्षी मी आमच्या संस्थेच्या सभेला गेलो होतो. आमची संस्था वीज विकत नाही, पण तिच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा पंपाच्या वीजबिलाचाच असतो. वेळेवर आम्ही अकराजण होतो, त्यांत संचालक सात. अर्धा तास चहा झाला, मग त्याच ठिकाणी सभा सुरू झाली. अहवाल दारातच हातात पडला होता. सचिव विषय वाचत, शेवटचा शब्द पुरा होण्याआधी मागून "मंजूर" येई, आणि वीजबिल दीडपट का झाले हे विचारायला मी चष्मा लावून पान शोधीपर्यंत तो विषय मंजूर झालेला होता. आभारप्रदर्शनासह सगळे एकवीस मिनिटांत आटोपले.

म्हणून यंदा प्रश्न आधीच लेखी पाठवला: पंप किती तास चालले, बिल किती युनिटांचे आले आणि पाणीपट्टी किती जणांकडून वसूल झाली. दोन दिवसांनी सचिवांचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता, उलट जरा काळजीच होती. "भाऊ, पत्र मिळालं. पण हे सभेत कशाला? तुम्ही ऑफिसात या ना, निवांत बसू, चहा घेऊ." मी म्हटले, चहा सभेतही असतोच, अर्धा तास.