एक्स-रे सोपे होते, फॉर्मने रडवलं

सिंक्रोट्रॉनवर (जोरदार एक्स-रे देणारं मोठं यंत्र) स्पिन आईस (आमच्याकडे चिमुकल्या मॅग्नेटची जाळी) मोजायला काय काय लागतं असं ज्युनियर्स विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. अजून डोक्यातून गेलेलं नाहीये ते.

सँपल म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर परमॅलॉयचे (निकेल आणि लोखंड) २२० बाय ८० नॅनोमीटरचे लांबट तुकडे, चौकोनी जाळीत मांडलेले, प्रत्येक तुकडा एक चिमुकला मॅग्नेट. चार मॅग्नेट जिथे भेटतात तिथे दोन आत, दोन बाहेर असं बसणं त्यांना सगळ्यात सोयीचं. २००६ मध्ये पेन स्टेटच्या शिफर ग्रुपने असं पहिल्यांदा केलं, आम्ही साईझ तोच घेतला. मशीनवर वेळ मागणारं प्रपोजल एका झटक्यात पास झालं, सँपलही झालं, मी खूष.

मग आला सेफ्टी फॉर्म. सँपलचा प्रकार काय, तर पर्याय तीन: पावडर, द्रव, नॅनोपार्टिकल. आता तुकडे नॅनोमीटरचेच आहेत ना, म्हणून मी प्रामाणिकपणे तिसऱ्यावर टिक मारली आणि तिथेच फसलो. सेफ्टीवाल्यांचं म्हणणं: निकेल आहे म्हणजे कॅन्सरचा धोका, नॅनो आहे म्हणजे श्वासातून जाणार, तेव्हा सीलबंद डबी दाखवा! अहो, सँपल अल्ट्रा हाय व्हॅक्यूममध्ये जाणार आहे, सॉफ्ट (म्हणजे कमी एनर्जीचे) एक्स-रे साध्या हवेतच विरून जातात, मग डबीतून काय दिसणार? असं लिहून पाठवलं तर ऑटोरिप्लाय, साहेब सुट्टीवर. मी गणित करून पाठवलं: जाळीच्या २ बाय २ मिलिमीटरच्या पॅचवर सगळा धातू मिळून साधारण ०.१५ मायक्रोग्रॅम, याच्या कैकपट निकेल तर माझ्या खिशातल्या एक युरोच्या नाण्यात आहे. उत्तर काय आलं, तर 'कृपया फॉर्म पुन्हा भरा'. तीन वेळा भरला. एकोणीस दिवस गेले, तिकिटं महाग झाली, गाईडनी रोज 'झालं का रे?' विचारलं. शेवटी सरळ फोन केला, एका बाईंनी उचलला, म्हणाल्या सबस्ट्रेटला (म्हणजे खालच्या चकतीला) चिकटलेली फिल्म आहे ना, मग 'इतर' निवडा आणि 'सॉलिड थिन फिल्म' असं लिहा. दोन तासांत अप्रूव्ह!! तर फोन करा, मेलच्या नादी लागू नका. आणि 'इतर' पर्याय खाली स्क्रोल केल्यावरच दिसतो.

बीमवर गेल्यावर एनर्जी लोखंडाच्या एल-३ एजवर (जिथे लोखंड एक्स-रे एकदम जोरात शोषतं) आणायची, ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, कारण तिथेच मॅग्नेटिक सिग्नल जोरदार मिळतो. जाळीवरून विखुरलेले एक्स-रे डिटेक्टरवर ठिपके पाडतात; आधी जाळीचे नेहमीचे ठिपके शोधा, मग त्यांच्या मधोमध बघा. मॅग्नेट ग्राउंड स्टेटमध्ये (सगळ्यात कमी एनर्जीच्या मांडणीत) बसले की शेजारच्या दोन चौकांची (चार मॅग्नेट भेटतात त्या जागांची) मांडणी एकमेकींच्या उलट होते, पॅटर्न दुप्पट अंतराने रिपीट होतो, म्हणून अर्ध्या जागी नवा ठिपका उगवतो. तो बारीक असेल तर मॅग्नेट लांबवर एकमेकांशी जुळलेले, पसरट असेल तर छोट्या छोट्या डोमेनमध्ये (आपापल्यात जुळलेल्या गटांत). आमचा पसरटच होता, पण पहाटे पावणेचारला तो दिसला तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या.

खात्री करायला एनर्जी १० इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली नेली, ठिपका गेला, जाळीचे तसेच राहिले. परत ७०७ वर येऊन जोरदार मॅग्नेटिक फील्ड देऊन सगळे मॅग्नेट एका दिशेला वळवले, तरी गेला. पण हे फील्डचं काम शेवटच्या शिफ्टला करा, नाहीतर ग्राउंड स्टेट मोडेल आणि बाकीची शिफ्ट रिकामी जाईल.

हो, एक राहिलंच, पॅचच्या बाजूला डोळ्यांना दिसेल एवढी मोठी खूण लिथोग्राफीतच (म्हणजे चकतीवर जाळी बनवतानाच) करून ठेवा. आम्ही केली नव्हती, पहिली आठ तासांची शिफ्ट नुसता पॅच शोधण्यात गेली.