बी पॉझिटिव्हची पिशवी

2020च्या जूनमध्ये आमच्या रक्तपेढीच्या डीप फ्रीझरमध्ये बी पॉझिटिव्ह प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवाच्या, दोन पिशव्या होत्या. प्रत्येकी 200 मिली, दोन वेगवेगळ्या दात्यांच्या. (त्या दिवसांत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द नुसता ऐकला तरी लोक दचकायचे. रक्तगट सांगतानाही आम्ही आधी ‘रक्तगट हं’ म्हणायला शिकलो होतो.)

मी तेव्हा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ‘प्लॅसिड’ चाचणीत आमच्या केंद्राची कोऑर्डिनेटर होते. देशभरातली 39 रुग्णालयं, त्यातलं एक आमचं. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा मध्यम आजारी रुग्णाला दिला, तर आजार बळावायचा थांबतो का, माणूस वाचतो का, एवढं पाहायचं होतं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर 24 तासांच्या अंतराने दोन पिशव्या, उरलेल्यांना नुसते नेहमीचे उपचार. कोण कुठे जाणार हे डॉक्टरांच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच. त्याची यादी संगणकाने काढलेली.

17 तारखेला सकाळी वॉर्डातून फोन आला. 58 वर्षांचे एक काका, पिठाच्या गिरणीचे मालक. ऑक्सिजनशिवाय पाहिलं तर पातळी 91, श्वास मिनिटाला 28. निकषात बसत होते. एक निकष असाही होता की रुग्णाच्या रक्तगटाचा प्लाझ्मा हाताशी असेल तरच त्याला चाचणीत घ्यायचं. मी रक्तपेढीत विचारलं. बी पॉझिटिव्ह आहे.

पीपीई किट चढवून आत गेले. गॉगलवर पाच मिनिटांत वाफ धरायची, मग अंदाजाने बोलायचं. माहितीपत्रक मराठीत होतं, पण ते मराठी वाचताना मलाच धाप लागायची, रुग्णाची काय कथा. म्हणून मी ते एकदा वाचून दाखवायचे आणि मग बाजूला ठेवून सरळ बोलायचे. चिठ्ठ्यांचा भाग समजवायला माझं एक ठरलेलं उदाहरण होतं.

“काका, भिशी माहितीय ना? तशी चिठ्ठी निघते. कुणाची निघेल हे कुणालाच माहीत नसतं.”

काकांनी मास्क जरा खाली ओढला. “भिशीत आज नाही तर पुढल्या महिन्यात, नंबर लागतोच की मॅडम. तुमच्यात लागतो का?”

मी गप्प झाले. नाही लागत. आमच्यात नाही आला तर नाहीच. ते उदाहरण मी त्या दिवसानंतर कुणालाही दिलं नाही.

“म्हणजे पिशवी मिळेल किंवा मिळणार नाही. आणि मिळाली तर फायदा होईल का?”

“ते आम्हाला खरंच माहीत नाही, काका. म्हणून तर हे चाललंय.”

“पेपरात तर रोज येतंय.”

“पेपरात येतंय.”

ते जरा हसले आणि पेन मागितलं. सही मोठी, लपेटदार, गिरणीच्या पावतीवर करत असावेत तशी. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, काचेपलीकडून सहकाऱ्याने त्याचा फोटो काढला. अकरा वाजता गट कळला: नेहमीचे उपचार.

खरा दिवस तिथून पुढे सुरू झाला. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मुलगा गेटबाहेरच्या रसवंतीच्या बंद टपरीपाशी दोन दिवस बसून होता. त्याला काकांनीच फोन करून सांगितलं असावं, कारण मी किट उतरवून बाहेर येते तोवर माझ्या मोबाइलवर सात मिस्ड कॉल.

“मॅडम, प्लाझ्मा आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“आमच्याच गटाचा?”

“हो.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते गेटवर उभं राहून, चार फूट अंतरावरून, दोन मास्कांमधून सांगायचं उत्तर नव्हतं. तरी सांगितलं. गुण येतो हे माहीत असतं तर चिठ्ठी काढलीच नसती, सगळ्यांनाच दिला असता. दुसऱ्याचं रक्तद्रव अंगात जातं तेव्हा त्रासही होऊ शकतो. तो ऐकत होता, आणि मला दिसत होतं की त्याला एकच गोष्ट ऐकू येतेय: औषध फ्रीझरमध्ये आहे आणि ही बाई देत नाहीये.

“आम्हाला नावच काढायचंय त्यातनं. खासगीत नेतो, तिथे देतायत.”

खोटं नव्हतं. चारच दिवसांपूर्वी, 13 जूनला, केंद्र सरकारच्या नियमावलीत मध्यम आजारासाठी प्लाझ्माचा उल्लेख आला होता. ‘तपासाधीन उपचार’ हे त्यातले शब्द कुणी वाचत नव्हतं.

नाव काढून घेण्याचा हक्क होताच, पण तो काकांचा. ते शुद्धीवर होते. मी पुन्हा किट चढवलं. दिवसातून दुसऱ्यांदा, जूनच्या उकाड्यात. काकांनी सगळं ऐकून घेतलं. “त्याला सांगा, सही माझी आहे,” म्हणाले आणि कूस बदलून पालथे झोपले. सिस्टरनी त्यांना तसंच झोपायला सांगितलं होतं, पण मला ती पाठ बरंच काही बोलून गेली.

दुपारी जेवताना डॉक्टर सर मोबाइलवर आदल्या दिवशीची बातमी पुन्हा वाचत होते. इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामिथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. जुनं, स्वस्त स्टिरॉइड. “हेसुद्धा चिठ्ठ्या टाकूनच कळलं,” सर म्हणाले. मला ते गेटवर नेऊन सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

तीन दिवसांनी दुसरा एक बी पॉझिटिव्ह रुग्ण आला, 49 वर्षांचा. त्याचा गट प्लाझ्माचा निघाला. त्याच दोन पिशव्या कोमट पाण्यात वितळवून त्याला दिल्या. अकराव्या दिवशी तो गेला. काकांचा ऑक्सिजन आठवड्याने सुटला आणि ते घरी गेले. यावरून कुणी काही निष्कर्ष काढला तर मी आजही भांडते. दोन माणसांवरून काही कळत नाही, म्हणून तर 464 लागली.

निकाल सप्टेंबरात प्राथमिक स्वरूपात आला, ऑक्टोबरात ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून. प्लाझ्मा मिळालेल्या 235 जणांपैकी 44 जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते 28 दिवसांत दगावले. न मिळालेल्या 229 पैकी 41. म्हणजे 19 टक्के आणि 18 टक्के. सातव्या दिवशी धाप आणि थकवा प्लाझ्मावाल्यांना थोडा कमी होता, विषाणूही जास्त जणांचा नाहीसा झाला होता, पण जीव वाचवण्यात फरक नाही. मी तो तक्ता बराच वेळ पाहत बसले. त्या 41 मध्ये काका नाहीत, 44 मध्ये तो 49 वर्षांचा आहे, एवढंच मला त्या आकड्यांत ओळखीचं.

28व्या दिवसाच्या फोनला मुलानेच उत्तर दिलं होतं. मागे गिरणीचा आवाज. “गिऱ्हाईक आहे, पण ठीक आहेत ते,” म्हणाला आणि ठेवला. राग गेलेला नव्हता.

2021च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, रात्री दहाला त्याचा फोन आला. नंबर मी पुसला नव्हता. मेहुणा खासगी रुग्णालयात होता, डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायची चिठ्ठी लिहून दिली होती.

“मॅडम, ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा. तुमच्याकडे फ्रीझर आहे ना.”

मी त्याला सगळं सांगितलं. आमचा निकाल सांगितला, इंग्लंडमध्ये अकरा हजारांवर रुग्णांत तपासून जानेवारीतच थांबवलं तेही सांगितलं. म्हटलं, धावपळ करू नका, ऑक्सिजन आणि स्टिरॉइड नीट चालू आहे का ते बघा.

“तेव्हा होता तर दिला नाहीत,” तो म्हणाला, “आता म्हणता उपयोग नाही.”

केंद्र सरकारने प्लाझ्मा नियमावलीतून काढला तो 17 मेला. त्याला अजून महिनाभर अवकाश होता. मध्यरात्रीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला, खाली काही लिहिलेलं नव्हतं. कुणाच्या तरी हातात धरलेली पिवळसर पिशवी, लेबलवर 200 मिली.