मीठ जरा जास्त टाक

सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम दिसत नाही. मुंबईचा पाहुणा मे महिन्यात इथं उतरला की पहिल्या दिवशी तर खूशच असतो. "ऊन आहे खरं, पण तुमच्याकडे चिकचिक नाही हो," असं म्हणत तो भरदुपारी सिद्धेश्वराच्या देवळापासून नव्या पेठेपर्यंत पायी येतो. सदरा कोरडा, कपाळ कोरडं. संध्याकाळी मात्र डोकं धरून बसतो आणि बाहेरचं काय खाल्लं होतं ते आठवायला लागतो. खाण्याचा काही संबंध नसतो. ४२-४३ अंशांची आमची कोरडी हवा घाम फुटता फुटता उडवून नेते. घाम आला हेच त्याला कळलेलं नसतं, मग पाणी पिण्याची आठवण कुठून होणार?

घाम उडतो, पण त्यातलं मीठ काही उडत नाही. ते पाहायचं असेल तर मार्केट यार्डात जावं. कांद्याची पोती वाहणाऱ्या हमालाच्या गडद निळ्या सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात. जवळून पाहिलं तर त्या एकीच्या आत एक अशा वळत गेलेल्या दिसतात, भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारख्या. सकाळच्या पहिल्या गाडीला घाम जिथवर पसरला तिथं एक कड उमटते. मधे चहाला बसला, सदरा वाळला, पुन्हा भिजला की दुसरी. कडेला मीठ जरा जाड साचतं, बोटाला खरखरीत लागतं. दुपारपर्यंत अंगातून किती गेलं याची नोंद पाठीवरच होत असते, फक्त ती ज्याची त्याला दिसत नाही.

लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. मिठात मोजायचं तर अडीच ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. माणसामाणसांत फरक असतो. कुणाचं याच्या निम्मं जातं, कुणाचं दुप्पट. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमही जातं, पण फार थोडं. उन्हात ओझी वाहणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. हे सगळं वाया जातं असंही नाही. लिटरभर घाम अंगावरून उडून जाताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो, म्हणून तर हमाल दुपारी उभा राहू शकतो. अट एकच, घाम उडाला पाहिजे. नुसता ओघळून जमिनीवर पडला तर मीठही गेलं, पाणीही गेलं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच.

ओघळणारा घाम पाहायलाही गाव सोडावं लागत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की बाहेरचा कोरडा उन्हाळा दारातच राहतो. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून आत ओल धरून ठेवतात. वारा फार खेळू देत नाहीत, जमिनीवर पाणी मारतात. धाग्याला जे मानवतं ते माणसाला मानवत नाही. वर पत्रा, खाली ओल, मागांचा खडखडाट आणि प्रत्येकाच्या हनुवटीवरून टपटपणारा घाम. आणि विणायचं काय, तर टॉवेल! लोकांचा घाम टिपायचं कापड ज्या घामात तयार होतं, तो पुसायला यांच्या खांद्यावर मात्र जुना विटका पंचा असतो.

अशाच एका शेडमधल्या तेलुगू कामगाराला मी विचारलं होतं, "अण्णा, दिवसभरात पाणी किती पिता?"

"पाण्याचं काय इचारता," मागावरची नजर न काढता तो म्हणाला, "पोटात गुडगुड वाजालंय, तरी तोंड कोरडंच."

"मग?"

"मग घरनं ताक येतंय की. खारं. ते प्यालं की जीवात जीव येतोय."

पोटात पाणी आणि तोंड कोरडं, या तक्रारीच्या जवळपास जाणारी गोष्ट इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत शंभर वर्षांपूर्वी तपासली गेली होती. खोल खाणीत घामाघूम होणारे मजूर बादलीनं पाणी पीत आणि तरीही त्यांच्या हातापायांत, पोटात गोळे येत. १९२३ मध्ये मॉस नावाच्या संशोधकानं मांडलं की पाणी कमी पडतंय म्हणून हे होत नाही. घामातून मीठ गेलं आणि वर नुसतं पाणी ओतलं, म्हणून होतं. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर गोळे आटोक्यात आले. प्रत्येक गोळा मिठापायीच येतो असं नाही, थकलेला स्नायूही गोळा आणतो. पण भरपूर घाम, भरपूर पाणी आणि मीठ शून्य, हा मेळ वाईट हे तेव्हापासून ठाऊक आहे.

तरी आपल्याकडे उन्हाळ्याचा सल्ला एका वाक्यात संपतो: भरपूर पाणी प्या. शाळेच्या फळ्यावर तेच, दवाखान्याच्या भिंतीवर तेच, आईच्या तोंडी तेच. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. रक्तातलं सोडियम ठरावीक प्रमाणाखाली घसरलं की मळमळतं, डोकं ठणकतं, माणूस गोंधळतो. फारच घसरलं तर झटके येतात आणि जीवही जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. आणि ज्यांचं वजन धावून उलट वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा पाणीच जास्त पोटात गेलं होतं, त्यांच्यात हे विशेष दिसलं. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे अति पाणी प्यायल्यानं आजारी पडणं ही आम्हाला थोडी चैनीची गोष्ट वाटते, ते सोडा.

आता जुनं खाणं बघा. सकाळी कामावर निघालेल्या माणसाच्या फडक्यात ज्वारीची भाकरी, कांदा आणि शेंगाची चटणी. लसूण, तिखट, मीठ आणि उखळात कुटून तेल सुटलेले शेंगदाणे. मीठ घामाची भरपाई करतं, शेंगदाण्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम चांगलं असतं, आणि चटणी तिखटजाळ असल्यानं तिच्यामागून पाणी आपोआप पोटात जातं. ही चटणी कुणी क्षारांचा विचार करून केलेली नाही, हे उघड आहे. ती चवीसाठी झाली, टिकते म्हणून राहिली. पण घाम गाळणाऱ्या गावाची जीभ कुठल्या चवीला चटावली, यात काहीतरी गंमत आहे खरी.

त्याहून नवल वाटतं ते आंबिलीचं. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी ते किंचित आंबलेलं असतं. पाण्याला आधण आलं की लसूण, जिरं, मीठ टाकून त्यात हे कालवण ओतायचं आणि ढवळत राहायचं; हात थांबला की गुठळी झालीच. पातळ उकळली की उतरवायची, निवली की वरून आणखी ताक. रंग मातकट, चव आंबट-खारट. लहानपणी नाक मुरडून प्यावी आणि चाळिशीनंतर आपणहून मागावी, अशी ही वस्तू.

नवल का, तर त्याला १९७१ सालाकडे जावं लागतं. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, माणसं पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजत राहा म्हणून सांगितलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्यामागचं शास्त्र रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्येच मांडलं होतं: आतड्याच्या भिंतीतून साखर आणि सोडियम जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं. पुढं साखरेच्या जागी तांदळाचं पीठ घालूनही जलसंजीवनी करून पाहिली, आणि तीही चालली, कारण पिठूळ पदार्थ पोटात गेला की त्याची हळूहळू साखरच होते. पीठ, मीठ, पाणी. आंबिलीत वेगळं काय असतं? पटकीच्या रोग्याला आंबील पाजा असं मी म्हणत नाही, त्याला मापानं केलेलं औषधच हवं. पण घामेजल्या माणसाच्या आतड्यापुरतं बोलायचं तर पातेल्यात चाललेलं काम ओळखीचं आहे.

शहाळ्याबद्दल थोडं वाईट बोलावं लागेल. त्यात पोटॅशियम मुबलक आणि सोडियम बेताचं, म्हणजे घामातून जे जातं त्याच्या नेमकं उलट. आजाऱ्याला भेटायला न्यायला उत्तम, हमालीला तेवढं पुरत नाही. उसाच्या रसात साखर फार. आलं-लिंबू पिळून वर मीठ टाकलं तर चव सुधारते, साखर तेवढीच राहते. आणि दुकानात शीतपेटीत ठेवलेल्या त्या रंगीत डब्या! कित्येकांवर जलसंजीवनीची 'ओआरएस' ही इंग्रजी अक्षरं छापलेली असत आणि आत मुख्यतः गोड पाणी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ती अक्षरं अशा पेयांवर छापायला मनाई केली, फार उशिरा का होईना. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं आणि ती औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. घरी करायची वेळ आली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा चमचा सढळ हातानं भरायचा नाही.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत मात्र कांद्याच्या बाजारातच सर्वांत जोरात चालते. खिशातला कांदा काहीही करत नाही. ऊन लागून माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ताक-सरबताची वेळही टळलेली असते. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

एक दिलासा असा की शरीर शिकतं. रोज उन्हात राबणाऱ्याचं अंग आठवड्या-दोन आठवड्यांत लवकर आणि जास्त घामेजायला लागतं, आणि त्याच वेळी घामातलं मीठ आतल्या आत परत शोषून घ्यायलाही शिकतं. म्हणून कामावर नवा आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात लोळतो आणि साठीचा म्हातारा पोतं उचलून पुढं जातो. उलटंही खरं आहे. गारव्याच्या खोलीत काही आठवडे काढले की शरीर शिकलेलं विसरतं. मग तो खोलीतला माणूस गाडीतून उतरून पार्किंगपासून कचेरीपर्यंत चालतो, घामेजल्यासारखं वाटलं म्हणून क्षारांची फेसाळणारी गोळी पाण्यात टाकतो. त्याचा घाम किती गेला? वाटीभरही नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, आपण जेवणातच त्याच्या वर असतो. ज्याला गरज नाही तो क्षार विकत घेतोय आणि ज्याच्या पाठीवर ते वाळून पांढरे झालेत त्याला सांगतात, पाणी पी.

हा फरक शहरात कुणाला नीट कळत असेल तर तो यार्डाच्या बाहेर मठ्ठा विकणाऱ्याला. त्याच्यापाशी मिठाची वाटी आणि एक चपटा चमचा असतो. हमाल आला की न विचारता ग्लासात चमचा टेकवतो, आणि हमाल पुन्हा म्हणतो, "मीठ जरा जास्त टाक बे." रिक्षावाल्याला तेवढंच. पांढऱ्या मोटारीतून उतरून एक जाडजूड गृहस्थ आले आणि हमालाचं ऐकून त्यांनीही तेच मागितलं. विक्रेत्यानं चमचा वाटीच्या काठावर ठेवला आणि वर पाहत विचारलं, "बीपी हाय का सायेब?"