पाटीचा भाव विणण्याआधीच ठरतो

पुण्याच्या बुरूड आळीत गिऱ्हाईक बांबूची पाटी, म्हणजे टोपली, उचलतं, वीण बघतं आणि भाव पाडतं. वीण सगळ्यांना दिसते. तिच्याआधी बांबू निवडावा लागतो, चिरावा लागतो, सोलावा लागतो, ते कुणी मोजत नाही. विणणाऱ्या बायकांची मजुरी बुडते ती तिथेच.

बांबू दोन-तीन वर्षांचा घ्यावा. वर्षाचा कोवळा वाळल्यावर आकसतो आणि वीण ढिली पडते. फार जून झालेला वाकवताना तडकतो. तोड पाऊस सरल्यावरची, थंडीतली चांगली. उन्हाळी तोडीच्या बांबूत पिष्ट जास्त असेल तर त्याला भुंगा लागतो आणि काही महिन्यांत सुपाखाली पिवळट भुगा साचतो.

चिरायचं ते ओलं असतानाच. कोयत्याने उभे दोन भाग, मग त्यांचे पुन्हा दोन, अशा कामट्या म्हणजे लांब पट्ट्या काढायच्या. चीर एका बाजूला सरकून एक कामटी जाड, एक बारीक व्हायला लागली, की जाड बाजू जास्त वाकवायची. चीर मधे परत येते. नवखा हात नेमकी बारीक बाजू ओढतो आणि कामटी मध्येच तुटते. पुढे पाठ आणि गाभा वेगळे करायचे. हिरवी, गुळगुळीत पाठ चिवट असते. पांढरा गाभा ठिसूळ आणि पाणी पिणारा. स्वस्तातल्या पाटीत गाभाच जास्त भरलेला असतो. नखाने ओरखडून बघा, लगेच कळतं.

आडवी पट्टी एकच फिरवायची असेल तर उभ्या कामट्या विषम लागतात. 24 असल्या तर दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच कामट्यांवरून जाते आणि वीण बसत नाही. अशा वेळी एक कामटी उभी चिरून 25 करायच्या.

काठाची घाई मात्र करू नये. पाटी आधी वाळू द्यावी, फेऱ्या ठोकून खाली बसवाव्यात, सुटलेल्या जागेत एक-दोन फेऱ्या भराव्यात, मग काठ बांधावा. ओल्या पाटीला बांधलेला काठ वाळल्यावर हलतो. गौरी-गणपतीच्या तोंडावर सुपांच्या बाबतीत हेच होतं: मागणी एकदम येते, हवा दमट असते, माल वाळत नाही आणि रचून ठेवला की बुरशी धरतो. म्हणजे सुपं उन्हाळ्यातच विणून ठेवायला हवीत. त्यासाठी हाताशी पैसा लागतो. तो नसला की व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, आणि मग भाव तो सांगेल तो.

हिशेब कसा मांडायचा? समजा, 120 रुपयांच्या बांबूत तीन पाट्या झाल्या. एकीला बांबू 40 रुपयांचा, काठाचं बांधण 10 रुपयांचं. वेळ तीन तास, त्यातला दीड तास नुसता चिरण्या-सोलण्याचा. तासाला 60 रुपये धरले तर पाटी 230 रुपयांना पडते. फक्त विणण्याचा वेळ धरला तर 140. बहुतेक जणी 140च सांगतात, कारण उरलेला दीड तास त्यांना स्वतःलाच काम वाटत नाही! बचत गटाच्या वहीत चिरण्याचे तास वेगळ्या रकान्यात लिहायला लावले पाहिजेत.

बांबूचा खर्च कमी करायचा तर बांधावर लावावा. 1927च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला जाई. 2017च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला, म्हणून बांधावरचा बांबू आता त्या कायद्याने झाड ठरत नाही. लावल्यापासून तोडीला यायला तीन-चार पावसाळे जातात, म्हणून रोपं यंदाच्या पावसातच मातीत गेलेली बरी.