नवतप्यातील एक एसी

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की एसी दुरुस्त करणाऱ्यांना श्वास घ्यायलाही उसंत नसते, आणि बहुतेक तक्रारी एकाच प्रकारच्या असतात: यंत्र चालते, पण खोली थंड होत नाही. अशाच एका मे महिन्यात मनीषनगर भागात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त दांपत्याने मला बोलावले. त्यांना दीड टनाचा जुना एसी काढून दोन टनांचा बसवायचा होता. “पैशांचा विचार करू नका, यंदा काकूंना रात्रभर झोप नाही,” असे काका कळकळीने म्हणाले.

खोली बारा बाय बाराची होती आणि तिला दीड टन पुरेसे होते. एसीच्या हवा गाळणाऱ्या जाळ्या काकू स्वतः धूत असल्याने स्वच्छ होत्या. तरीही एसीतून बाहेर येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा जेमतेम पाच अंशांनी थंड होती. हा फरक निदान आठ-दहा अंशांचा तरी असावा लागतो. म्हणून मी मागच्या गॅलरीत गेलो आणि कारण तेथेच सापडले. धूळ येऊ नये म्हणून गॅलरीला काचा लावून ती पूर्ण बंद केलेली होती आणि एसीचे बाहेरचे युनिट आतच राहिले होते. पंख्याने फेकलेली गरम हवा काचेवर आदळून पुन्हा युनिटच्या मागच्या जाळीत शिरत होती. रस्त्यावर ४५ अंश तापमान असताना त्या जाळीपाशी माझ्या तापमापकाने ५४ दाखवले. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. त्यापुढे पारा जसा चढतो तशी ती घटते, आणि येथे तर कॉम्प्रेसर तापून ऐन दुपारी वारंवार बंद पडत होता. दोन टनांच्या यंत्राने त्याच कोंडलेल्या गॅलरीत आणखी उष्णता ओतली असती, हे मी काकांना तेथेच उभे करून दाखवले. हाताला झळ लागताच त्यांना ते पटले.

दुसरे कारण डोक्यावर होते. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो, त्यामुळे सूर्य मावळल्यावरही एसीला विसावा मिळत नाही. काकांनी सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर उन्हे परतवणारा पांढरा लेप लावून घेतला, आणि त्यानंतर छताच्या खालच्या बाजूचे तापमान संध्याकाळी पाच-सहा अंशांनी कमी भरू लागले.

जुने यंत्र आर-२२ या थंडावा देणाऱ्या वायूवर चालणारे होते आणि त्याचा कॉम्प्रेसरही थकलेला होता. त्यामुळे यंत्र बदलणे योग्यच होते, पण दीड टनाचाच इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, घेऊन. जुना वायू हवेत न सोडता आम्ही सिलिंडरमध्ये काढून घेतला, कारण तो ओझोनचा थर विरळ करतो. नव्या आर-३२ वायूचा दाब बराच अधिक असल्याने तांब्याच्या नळ्याही नव्या टाकल्या आणि बाहेरचे युनिट उत्तरेकडच्या मोकळ्या भिंतीवर लोखंडी स्टँडवर चढवले. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली, आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलत नाही, म्हणजे कोठे गळती नाही, याची खात्री झाल्यावरच वायू सोडला. हंगामाच्या घाईत अनेक जण पंप न लावता थोडा वायू सोडूनच हवा बाहेर ढकलतात. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरचा जीव घेते आणि भुर्दंड मात्र ग्राहकाला पडतो, याचा मला मनापासून संताप येतो.

जुना कूलर भंगारात देण्याचे काकूंनी ठरवले होते, पण मी त्यांना थांबवले. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने वाफ होऊन हवेतील उष्णता शोषते, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवली तर बैठकीच्या खोलीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर फार कमी विजेत गारवा देतो. मात्र त्यांची सवय बैठकीत कूलर लावून शयनगृहाचे दार उघडे ठेवण्याची होती, त्यामुळे कूलरने हवेत सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची शक्ती खर्च होत असे. एसी चालू असताना ते दार बंद ठेवायचे, एसी २६ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद चालवायचा, आणि पावसाळी दमट हवा सुरू झाली की कूलर झाकून ठेवायचा, असे आम्ही ठरवले. काकूंनी ते तेथल्या तेथे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले.