जप्ती आली, गाणे झाले: बाबेल्सबर्गची एक दुपार

बर्लिनहून एस-७ लोकलने ग्रीबनिट्सझे स्थानकावर उतरून मी बाबेल्सबर्गच्या चित्रनगरीकडे चालत निघाले, तेव्हा आदल्या रात्री खोलीवर पुन्हा पाहिलेला ‘डी ड्राय फॉन डेअर टांकश्टेले’, म्हणजे ‘पेट्रोलपंपावरचे तिघे’, हा १९३० सालचा बोलपट डोक्यात घोळत होता. उफा या जर्मन चित्रपट कंपनीने १९२९ मध्ये येथे बोलपटांसाठी चार स्टुडिओ फुलीच्या आकारात बांधले आणि बाहेरचा आवाज आत शिरू नये म्हणून त्यांच्या विटांच्या भिंतींना खिडक्याच ठेवल्या नाहीत. कामाच्या भागात आगंतुकाला प्रवेश नसल्याने कुंपणाबाहेरून दिसले तेवढ्यावर मी समाधान मानले. खरे सांगायचे तर एखाद्या गोदामापेक्षा फारसे निराळे काही दिसले नाही.

त्या काळी कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो कोंडून ठेवावा लागे आणि नट मायक्रोफोनच्या आसपास खिळून उभे राहत. दिग्दर्शक विल्हेल्म थीले यांच्या या चित्रपटात मात्र सगळेच तालावर हलते. सहलीहून गात गात परतलेल्या तीन मित्रांना आपले दिवाळे निघाल्याचे कळते, घरात बेलिफ आलेला असतो, आणि डोळ्यांदेखत सामान घराबाहेर जात असताना ते तिघे त्या बेलिफालाच आर्जवी गाणे ऐकवतात. जप्तीच्या शिक्क्यावरच्या गरुडाला जर्मन लोक थट्टेने ‘कुकुक’ म्हणतात, जे खरे तर कोकिळाकुळातल्या पक्ष्याचे नाव. हे ठाऊक असले की प्रसंग दुप्पट रंगतो. फेलिक्स ब्रेसार्टचा तो ओढलेल्या चेहऱ्याचा बेलिफ मला तिन्ही नायकांहून अधिक आवडतो.

डबिंगची पद्धत रुळलेली नसल्याने उफाने याच कथेची फ्रेंच आवृत्तीही वेगळी चित्रित केली. लिलियन हार्वे दोन्हींत नायिका होती. नायक मात्र जर्मनमध्ये विली फ्रिच, तर फ्रेंचमध्ये आंरी गारा. दोनच वर्षांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढला, त्यामुळे ही उठाठेव आपल्यालाही अपरिचित नाही.

संध्याकाळी झू स्थानकावर उतरून मी कैसर विल्हेल्म स्मारक चर्चजवळ गेले. तेथेच ग्लोरिया-पालास्ट हे चित्रपटगृह होते. युद्धात ते नष्ट झाले. १४ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या निवडणुकीत नाझी पक्षाने १०७ जागा मिळवल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, येथे या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. पुढे नाझी सत्तेवर आल्यावर, ज्यू असल्यामुळे थीले, संगीतकार हायमान, निर्माते पोमर आणि ब्रेसार्ट यांना देश सोडावा लागला. वकिलाची भूमिका करणारा धिप्पाड कुर्ट गेरोन १९४४ मध्ये आउश्वित्सच्या नाझी छळछावणीत मारला गेला. चित्रपटावरही १९३७ मध्ये बंदी आली.

शेवटी नायक-नायिकेचे जुळते, दोघे पडद्यासमोर येतात, आणि प्रेक्षक अजून बसूनच आहेत हे पाहून चकित होतात. मग त्यांच्या लक्षात येते की ऑपेरेटाला, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकाला, साजेसा थाटाचा समारोप झाल्याखेरीज ही मंडळी हलायची नाहीत, आणि तोही होतो. तो पाहून बाहेर पडलेल्यांनी निकालाच्या बातम्यांनी भरलेली वर्तमानपत्रे याच फुटपाथवर विकत घेतली असणार.